लोकर ओली, गच्ची कोरडी

माझ्यासाठी साताऱ्याचं स्थळ आलं, तेव्हा आमच्या घरातल्या तिघांनी देवाला तीन निरनिराळ्या ठिकाणी गाठलं. आईनं स्वयंपाकघरात, पप्पांनी गच्चीवर, आणि मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या ज्या हॉस्पिटलात नर्स होते तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत. देव एकच असल्यामुळे उत्तरही एकच येईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

स्थळात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, हीच खरी पंचाईत. मुलगा आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवायचा, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचा, आणि फोटोत तरी समजूतदार दिसायचा. वाईट असतं तर देवाला मध्ये घालायची गरजच नव्हती, आईनं परस्पर नकार कळवला असता. चांगलं होतं म्हणून प्रश्न पडला. त्यातच कडेगावच्या सरकारी दवाखान्यात मला कायमची नोकरी लागायचं घाटत होतं. नोकरी कडेगावला, मुलगा साताऱ्याला, आणि मी तिशीला टेकलेली. एवढं गुंतागुंतीचं गणित देवाशिवाय कोण सोडवणार?

तसं आमच्या घरी देवाला विचारल्याशिवाय फ्रिजसुद्धा आलेला नाही. दुकानदार ‘साहेब, ऑफर आजच संपतेय’ म्हणत असताना आई दुकानातच एका वॉशिंग मशीनला टेकून डोळे मिटून उभी राहिली होती. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिच्या प्रार्थनेला प्रस्तावना असते, मुद्दे असतात आणि शेवटी देवाला गृहपाठ असतो. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची प्रार्थना आखूड. “प्रभू, रस्ता दाखव. आमेन.” एवढ्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि एकदाही गाडी ओढ्यात घातली नाही.

स्थळाच्या बाबतीत मात्र पप्पांनी पद्धत बदलली. गच्चीवर जाऊन, डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्याच दिवशी त्यांचं बोट जुन्या करारातल्या अशा जागी पडलं, जिथं घराच्या भिंतीला हिरवट-तांबूस चट्टे पडले तर काय करावं याचे नियम दिलेले आहेत. पप्पा चष्मा सावरत खाली आले आणि भिंती तपासायला लागले. हॉलमधलं कपाट आम्ही दोघांनी ओढून बाजूला केलं, तर मागं खरोखरच हिरवट चट्टा! पप्पांचा चेहरा उजळला.

“बघ! बोलला का न्हाई देव?”

“पप्पा, आपण स्थळाचं विचारत होतो.”

“त्येचं बी बोलंल. आधी गळती काढू.”

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. भिंत फोडली, आतला पाइप बदलला, गिलावा केला. साताऱ्याच्या माणसांना ‘घराचं काम निघालंय’ म्हणून थोडं थांबवावं लागलं. मला अजूनही वाटतं, त्या गळतीवर देवानं अगदी स्पष्ट मार्गदर्शन केलं. माझ्याविषयी तो तेवढ्या स्पष्टपणे काही बोलेना.

आईनं उपास धरला. तिला ‘शांती’ मिळते. म्हणजे एखादी गोष्ट देवाच्या इच्छेची असेल तर तिच्या मनाला शांती वाटते, नसेल तर छातीत धडधडतं. मुलाचं स्वतःचं घर आहे असं कळलं त्या दिवशी तिला पहिल्यांदा शांती मिळाली. मुलाची आई त्याच घरात राहते असं कळल्यावर ती थोडी कमी झाली. मुलगा एकुलता एक आहे हे ऐकल्यावर तिला शांतीही मिळाली आणि धडधडलंही, तेव्हा तिनं बीपी तपासायला मलाच बसवलं.

मग रविवार आला. आमच्या पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रवचनाला विषय घेतला, आपला देश आणि आपलं गणगोत सोडून देव दाखवील त्या मुलखात निघालेल्या म्हाताऱ्या कुलपित्याचा. मी बाकावर ताठ झाले. म्हणजे सातारा! उपासना संपल्यावर साहेबांचा हात धरून सांगायला पुढं गेले, तर तिथं आधीच रांग. एक काका म्हणत होते, “साहेब, आज माझ्याशीच बोललात. मी पुण्याला मुलाकडं निघालो.” त्यांच्यामागं गायनवृंदातल्या एक बाई. त्यांचं वृंदातल्या दुसऱ्या बाईशी वाजलेलं होतं, आणि वृंद सोडून जा असा त्यांना स्पष्ट संदेश मिळाला होता. साहेब गांगरून गेले होते. माझी पाळी आली तेव्हा ते हळूच म्हणाले, “अगं, प्रवचन मागच्याच वर्षीचं होतं. तयारीला वेळ मिळाला नाही.”

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मुलाशी बोललीस का?”

“नाही. आधी देवाशी बोलून घेते.”

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, कपाळ पुसलं, आणि ‘प्रार्थना करू’ म्हणून जेवायला गेले.

तेव्हा मी ठरवलं, आता सरळ खूणच मागायची. शास्त्रात एक माणूस आहे. लढाईला जाऊ की नको हे त्याला कळेना, तेव्हा त्यानं खळ्यावर लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी दवानं फक्त लोकर भिजलेली असू दे, आजूबाजूची जमीन कोरडी. तसंच झालं. मग दुसऱ्या दिवशी उलट मागितलं, लोकर कोरडी आणि जमीन ओली. तेही झालं. मला ही पद्धत आवडली. त्यात शांती, धडधड, बोट असला काही घोळ नाही. ओलं की कोरडं, एवढंच.

पण विश्रामबागेत लोकर कुठं मिळणार? दुकानात मिळते ती स्वेटरची, तिचा मेंढीशी काही संबंध नसतो. योगायोगानं आमच्या वॉर्डात आटपाडीकडचे एक धनगर आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. आज्जी उशाशी बसलेल्या. मी आजोबांचं ड्रेसिंग करता करता विषय काढला.

“आज्जी, थोडी कच्ची लोकर मिळेल का हो?”

“किती? घोंगडं विनायचं हाय?”

“नाही. थोडीशीच. गच्चीवर ठेवायचीय.”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आज्जींनी आवाज बारीक केला. “कुनी काय केलंय का पोरी तुझ्यावर?”

मी घाईघाईनं सगळा खुलासा केला. देवाला विचारायचंय, दव पडून लोकर भिजली तर होकार समजायचा वगैरे. आजोबा टाके सांभाळत हसायला लागले.

“दव? आमच्याकडं दव पडत आसतं, तर आमी मेंढरं घिऊन मुलूखभर कशापायी हिंडलो आसतो?”

“आवं, तिच्या सांगलीत पडत आसंल,” आज्जी म्हणाल्या. “नदी हाय की.” मग माझ्याकडं वळून, “लग्नाचं हाय व्हय? आमच्यात कौल लावत्यात देवाला. तुमच्यात न्हाई?”

“आमच्यात तसलं काही नसतं.”

“मंग ही लोकर काय हाय?”

मला पलीकडच्या पेशंटचं बीपी बघायचं एकदम आठवलं.

त्यांना घरी सोडायच्या दिवशी त्यांचा मुलगा खताच्या पोत्यातून लोकर घेऊन आला. मी ओंजळभर मागितली होती. त्यानं अख्ख्या मेंढीची आणली होती, आणि मेंढीचा वासही तिच्याबरोबर पूर्ण आला होता. सिस्टर इन्चार्ज बाईंनी वॉर्डातल्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. मी ते पोतं स्कूटीवर पुढ्यात घेऊन घरी आले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं रिक्षा थोडी लांब घेतली.

संध्याकाळी गच्ची झाडून मी मधोमध लोकर पसरली, गुडघे टेकले आणि देवाला नियम समजावून सांगितले. ओली झाली तर सातारा.

सकाळी वर गेले, तर गच्ची कोरडी ठणठणीत आणि लोकर ओली!

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, एवढ्या मोठ्या जगातून देवानं विश्रामबागेतली आमची एक गच्ची शोधून काढली. मी ओरडून पप्पांना बोलावलं. पप्पा आले, वाकले, आणि एकदाच हुंगून सरळ उभे राहिले.

“दव न्हाई हे.”

कठड्यावर शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं होतं, पंजे चाटत, अगदी तृप्त.

मग आमच्या गच्चीवर धर्मचर्चा झाली. पप्पांचं म्हणणं, देव कशाचाबी वापर करतो, शास्त्रात गाढव बोललंय. आईचं म्हणणं, गाढव बोललं होतं, पण या मांजरानं जे केलंय ते... पुढचा शब्द तिनं शिक्षिका असल्यामुळे उच्चारला नाही. “आणि मागितलं होतं काय?” ती म्हणाली. “लोकर ओली, जमीन कोरडी. दव असा शब्द वापरला होतास का तू प्रार्थनेत?” मी आठवून बघितलं. वापरला नव्हता. म्हणजे कायद्यानं बघितलं तर ही खूण धरावी लागत होती, पण ती धरायला कुणी धजेना. आईनं लोकर धुवून टाकली, आणि ती वाळायला इतके दिवस लागले की लोकर ओली आणि गच्ची कोरडी हे दृश्य मला रोज सकाळी बघावं लागलं.

या भानगडीतच साताऱ्याची मंडळी येऊन गेली. भाड्याच्या जीपमधून मुलगा, त्याची आई आणि मामा. जीप दारात थांबली ती वाफा सोडतच. मुलाच्या आई आल्या, सलाम झाला, खुर्चीवर बसल्या आणि लगेच म्हणाल्या, “पाणी मिळेल का?”

मी तांब्या-भांडं आणलं. त्या पाणी प्यायल्या, पण नजर माझ्या तोंडावरून हलेना. कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या. त्यांनी पुन्हा भांडं पुढं केलं. मी पुन्हा भरलं. पुन्हा तीच नजर.

“आणखी आणू?” मी विचारलं.

त्यांनी फार दुःखी मनानं मान हलवली. मला वाटलं, तांब्या नीट घासलेला नाही.

पप्पा मात्र गायब. पाहुणे बैठकीत बसलेले असताना ते बादली घेऊन हॉलमधून बाहेर गेले. थोड्या वेळानं रिकामी बादली घेऊन परत आले आणि भरून पुन्हा निघाले.

“पाणी कुठं चाललंय हो?” मुलाच्या आईंनी विचारलं.

“गाडीला. लय तापलीय. तान्हेली हाय बिचारी.”

बाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी शेजारी बसलेल्या भावाचा हात गच्च धरला. मामांचाही रंग उडाला. आम्हाला काही उलगडेना. मुलगा तेवढ्या वेळात भिंतीवरच्या बोर्डाकडं बघत होता. निघेपर्यंत तो एकच वाक्य बोलला, “तुमच्याकडं अर्थिंग नाहीये.” ते वाक्यही घराला उद्देशून होतं.

दोन्ही बाजूंनी ‘प्रार्थना करून कळवतो’ असं ठरलं, आणि मग कुणीच काही कळवलं नाही.

मधल्या काळात कडेगावची नोकरी लागली आणि मी हजर झाले. सरकारी नोकरी, पेन्शन नसली तरी कायम. या बाबतीत देवाची इच्छा काय आहे, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एके दिवशी दुपारी फोन आला. “मी... साताऱ्याचा. तुमचं अर्थिंग झालं का?”

“झालं. पप्पांनी करून घेतलं.”

“बरं. मला भेटायचंय. घरी सांगितलेलं नाही.”

तो सुट्टीच्या दिवशी एसटीनं कडेगावला आला. स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, आत आमच्या दोन चहांवर माश्या. पहिल्यांदा तो कपबशी फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, “तुम्हाला एक विचारायचं होतं. त्या दिवशी गाडीला पाणी घालायचं तुमच्या वडिलांना तुम्ही सांगितलं होतं का?”

“नाही. का?”

त्यानं सांगितलं ते असं. शास्त्रात एक चाकर धन्याच्या मुलासाठी बायको शोधायला जातो, आणि विहिरीपाशी उभा राहून खूण मागतो, की मी पाणी मागितल्यावर जी मुलगी ‘तुम्ही प्या, तुमच्या उंटांनाही पाजते’ म्हणेल, तीच देवानं निवडलेली. त्याच्या आईनं हीच खूण ठरवून जीपमध्ये पाऊल टाकलं होतं. उंटांच्या जागी जीप. मुलीनं गाडीलाही पाणी विचारलं तर होकार.

“पण पाणी तर पप्पांनी घातलं!”

“तेच ना! आईचं तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. खूण तर पटली. पण मामा म्हणतो, या खुणेप्रमाणं लग्न कोणाशी लावायचं?”

मला जे हसू फुटलं ते आवरेना. मग मी त्याला लोकर आणि मांजर सांगितलं. त्याचा चहा बशीत, बशीतून पँटवर. शेजारच्या टेबलावरचे दोन कंडक्टर वळून बघायला लागले. इतके दिवस आम्ही दोघं ज्याची भीती बाळगून होतो, ते समोर बसून डोळे पुसत होतं.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “आईला हसू नका हं पण. वडील आजारी होते तेव्हा तिनं अशाच खुणा मागितल्या होत्या. बरे होतील अशा मिळाल्याही. आणि ते गेले. तेव्हापासून साधी भाजी घ्यायची तरी तिला खात्री लागते.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय मागितलंत?”

“मी काही मागितलं नाही. वडिलांच्या वेळेपासून खूण मागायचं धाडस होत नाही. नुसतं ‘बरोबर राहा’ म्हणतो.” त्यानं मान खाली घातली. “पण आईची खूण निघते का याची वाटही बघत बसलो. उद्या काही चुकलं तर माझ्यावर नको.”

हे वाक्य मला लागलं, कारण ते माझंही होतं. मी गच्चीवर गुडघे टेकून देवाला जे समजावत होते, त्याचा अर्थ एवढाच होता, की निर्णय तू घे, म्हणजे पुढं भांडायला मला तू सापडशील.

मग मी सरळ त्याच्याशीच बोलायला घेतलं. “मी ही नोकरी सोडणार नाही.”

“सोडू नका. मी कराडला बदली मागतो. मिळेलच असं नाही.”

“राग आल्यावर काय करता?”

त्यानं विचार केला. “जेवत नाही.”

“किती वेळ?”

“भूक लागेपर्यंत. तुम्ही?”

“मी भांडी घासते. जोरात.”

“चालेल. मी वर्कशॉपमध्ये शिकवतो, आवाजाची सवय आहे.”

निघायच्या आधी त्यानं विचारलं, “प्रार्थना करायची का?” आम्ही तिथंच, चहाच्या ओघळात कोपरं टेकून डोळे मिटले. त्यानं सुरुवात केली आणि भोंग्यावर त्याच्या गाडीची घोषणा झाली, त्यामुळे आमेन जरा लवकरच आला. मला आतून कसलाही आवाज ऐकू आला नाही. शांती वगैरे तर नाहीच. फक्त त्याची गाडी चुकावी असं फार वाटलं. गाडी चुकली नाही. तो खिडकीतून हात करत गेला आणि मी तिथंच उभी राहून लाजेनं की आनंदानं कुणास ठाऊक, पण रडले. बाकावरच्या एका म्हातारीनं मला पेरू दिला.

घरी फोन केला. आईनं पहिला प्रश्न विचारला, “शांती मिळाली का तुला?”

“नाही आई. हसू आलं.”

ती म्हणाली, “तुझे पप्पा मला बघायला आले होते तेव्हा मलाही शांती मिळाली नव्हती. रडू आलं होतं. एसटीचा ड्रायव्हर, आणि जेवताना केवढा तो आवाज.”

“मग हो का म्हणालीस?”

“जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. आमच्याकडं कुठला पुरुष ताट उचलायचा? म्हटलं, बघू. मग लग्नाला उभं राहीपर्यंत रोज प्रार्थना केली, की माझं चुकलं नसू दे.”

इतकी वर्षं तिच्या शांतीवर आमचं घर चाललं होतं, आणि घरातला सगळ्यात मोठा निर्णय तिनं एका ताटावर घेतला होता.

त्याच्या आई पुन्हा सांगलीला आल्या, या वेळी एकट्याच. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी मला हात धरून खाली बसवलं. “राहू दे. तू बस.” आणि मग त्यांनी मला त्यांच्या मालकांविषयी सांगितलं, त्यांना काय आवडायचं, ते कसे चिडायचे, शेवटी हॉस्पिटलात त्यांचा हात किती गार लागला. मी नर्स असल्यामुळे अशा वेळी काय बोलायचं नसतं ते मला माहीत होतं. मी नुसती बसून राहिले. आतून आईनं दोनदा डोकावून बघितलं आणि दोनदा चहा खाली उतरवला. उठताना बाई म्हणाल्या, “मी खूप विचारते गं देवाला. तो दमत असेल.”

“दमत नसेल,” मी म्हणाले. “आमच्याकडूनही असतंच चालू.”

तारीख ठरवायची वेळ आली, तेव्हा आई म्हणाली, तीन दिवस उपास-प्रार्थना ठेवू. पप्पा म्हणाले, “आधी हॉल कवा रिकामा हाय ते इचारू.” हॉल एकाच दिवशी रिकामा होता. आईनं त्यालाच देवाची इच्छा म्हटलं, आणि या खेपेला कुणी वाद घातला नाही.

साताऱ्यात लग्न झालं. नवरदेवाला स्वतःच्या लग्नात पेटी वाजवता येत नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बसवलं होतं. त्या माणसानं सूर चुकवला की शेजारी उभ्या नवरदेवाची बोटं शेरवानीवर चुळबुळ करायची. कराडची बदली मिळायला मात्र फार वेळ लागला. तोवर तो साताऱ्यात, मी कडेगावात, आणि आमचा निम्मा संसार एसटीत झाला. भांडणं झाली. तो जेवला नाही, मी भांडी घासली. हेच देवाच्या मनात होतं का, असं मी त्या दिवसांत अनेकदा विचारलं. तसं पाहिलं तर उत्तर आजही आलेलं नाही. पण विचारताना पूर्वीसारखी घाबरत नाही.

परवा त्याला पुण्याला बढतीवर जाण्याविषयी विचारणा झाली. मुलगी शाळेत, त्याच्या आई आता आमच्याकडं, माझी नोकरी इथं कडेगावात. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. त्यानं सुरुवात करावी म्हणून मी वाट बघत होते. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून एक डोळा उघडला. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडंच बघत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “आधी तुला विचारावं म्हटलं. तुला काय वाटतं?”